समृद्धीवर टायरचा दिवा लागला अन् स्टेपनीतच हवा नव्हती: नागपूर ते लोणार

लोणारबद्दल लिहिणारे भरपूर आहेत, मी टायरबद्दल लिहितोय, कारण त्या दिवशी आईला भर उन्हात रस्त्याच्या कडेला दीड तास उभं राहावं लागलं अन् ते टाळता आलं असतं. तुमच्यापैकी जे या सुट्टीत समृद्धीनं निघणार आहेत त्यांनी एवढं वाचूनच निघा.

मे महिन्यातला शनिवार, मी, बायको, आई अन् साळा. घरून निघायलाच उशीर झाला, मानेवाड्यातून सहा वाजून गेल्यावर सुटलो अन् शिवमडक्यावरून समृद्धीला लागलो. गाडी आदल्याच दिवशी सर्व्हिसिंगहून आणली होती, त्यांच्या कागदावर टायरच्या हवेसमोर पाच टिकमार्क, म्हणजे स्टेपनी धरून. मी तो कागद खरा मानला.

कारंजाचं इंटरचेंज मागे पडलं अन् पंधरा-वीस मिनिटांनी डॅशबोर्डवर टायरची हवा कमी झाल्याचा पिवळा दिवा लागला, घोड्याच्या नालेसारखा आकार अन् मधात उद्गारचिन्ह. साळा म्हणे, "भाऊजी, उन्हानं लागते तो, माझ्या गाडीतही लागते, चालू द्या." मी चालू दिली, अजून चार-पाच किलोमीटर, 110 नं. ही चूक करू नका. उन्हानं हवा वाढते, कमी होत नाही. साधारण पाच-सहा डिग्रीला एक पीएसआय (टायरच्या हवेचं माप, पुढचे हवेचे आकडे त्यातलेच) असा हिशोब आहे, त्यामुळे नागपुरात डिसेंबरच्या सकाळी दिवा लागला तर थंडीचं कारण पटेल, पण मे महिन्यात, तेही शंभर-दीडशे किलोमीटर पळून टायर तापल्यावर लागला तर हवा खरंच चालली आहे असंच धरा.

स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं तेव्हा स्पीड कमी करत करत कडेला घेतली, हॅझर्ड लावले, त्रिकोण पन्नास पावलं मागे ठेवला अन् सगळ्यांना रेलिंगच्या पलीकडे उभं केलं. गाडीत कोणालाच बसू देऊ नका, ट्रक बाजूनं गेला की अख्खी गाडी हलते. माझ्या गाडीत कोणत्या चाकात किती हवा आहे ते दिसत नाही, कारण त्यात वेगळे सेन्सर नाहीत, एबीएसवरून, म्हणजे ब्रेकच्या सिस्टिमवरून, चाकांचा फिरण्याचा वेग ताडून दिवा लावतात. म्हणून हवा मोजायचं गेज जवळ पाहिजेच. मागचं डावं 19, बाकी तीन ठीक. टायरात लाकडाचा स्क्रू, डोकं घासून चकचकीत झालेलं.

टायर बदलता येतो हे गृहीत धरतो, त्यामुळे ते सांगत बसत नाही. डिक्कीतून बॅगा, आईचे डबे, टरबूज सगळं बाहेर काढलं, स्टेपनीचा मधातला बोल्ट गंजून बसला होता तो साळ्यानं पाना अडकवून कसाबसा सोडवला, अन् स्टेपनीला गेज लावलं तर 14. चौदा! पाचवा टिकमार्क कोणी न बघताच मारला होता. डॅशबोर्डचा दिवा स्टेपनीकडे बघत नाही, ती जमिनीवर फिरतच नाही तर त्याला कळणार कसं. ज्यांच्या गाडीत चाकात सेन्सर आहेत त्यांच्यातही बहुतेक वेळा स्टेपनीत सेन्सर नसतो.

14 वर चाक लावून चार माणसं घेऊन जायचं नाही, टायरही जाईल अन् रिमही. आमचं नशीब की वर्ध्याच्या एक ताई अन् त्यांचे मिस्टर थांबले, त्यांच्याकडे चार्जरच्या सॉकेटवर चालणारा कंप्रेसर होता. उन्हात पंधरा मिनिटं उभं राहून त्यांनी स्टेपनी 33 करून दिली अन् पाण्याची बाटलीही दिली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तसा कंप्रेसर मी आल्याबरोबर घेतला, तुम्ही जायच्या आधी घ्या.

स्टेपनी लावल्यावर 80 च्या वर जायचं नाही. आजकाल अलॉयच्या गाड्यांना स्टेपनी छोट्या लोखंडी रिमची देतात, तिच्या बाजूवर 80 लिहिलेलंच असते. साइज वेगळा असला तर दिवाही जळतच राहतो, त्याला घाबरू नका. अन् नवीन गाडी घेत असाल तर डिक्की उघडून बघा, 2020 च्या नियमानं टायर प्रेशरचा दिवा अन् पंक्चर किट दिलं की स्टेपनी नाही दिली तरी चालते. किटमधलं लिक्विड बाजू फाटलेल्या टायरला काही कामाचं नाही.

आता मुख्य राग. इंटरचेंज उतरल्यावर जे पंक्चरचं दुकान लागलं तिथं चाक दिलं अन् आईला चहा प्यायला घेऊन गेलो, दहा मिनिटं. आलो तर म्हणे, "भाऊ, पाच पंक्चर आहेत, तीनशेप्रमाणे पंधराशे." मी स्क्रू स्वतः पाहिला होता, एकच होता. भांडून अकराशे दिले, कारण ऊन डोक्यावर अन् आई थकलेली. नागपुरात आल्यावर आमच्या नेहमीच्या पंक्चरवाल्यानं टायर पाण्यात बुडवून दाखवला: बाकीची चार भोकं ताजी, सरळ, टोचणीनं मारल्यासारखी, अन् त्यातलं एक टायरच्या बाजूवर. बाजूवरचं पंक्चर दुरुस्त करत नाहीत, टायर भंगारात. नवा 5,800 ला पडला. चाक नजरेआड करू नका, चहा तिथंच मागवा. साबणाचं पाणी तुमच्यासमोर मारू द्या, बुडबुडे तुम्ही मोजा, भाव आधी ठरवा.

लोणार छान आहे, दैत्यसूदन मंदिर नक्की बघा. आम्ही थकलो होतो, लवकर मुक्काम केला.

परत निघताना दिवा पुन्हा लागलेला दिसला. हवा भरल्यावर माझ्यासारख्या गाडीत सेटचं बटण दाबून धरावं लागते, मग थोडं चालवल्यावर गाडी नवीन माप शिकते. दिवा आधी मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर हवेचा प्रश्न नाही, सिस्टिममध्येच बिघाड असते, सेन्सरवाल्या गाडीत बरेचदा सेन्सरचा सेल संपलेला असते, काही वर्षं चालतात ते.

हवा सकाळी, गाडी थंड असताना भरा, आकडा ड्रायव्हरच्या दारातल्या स्टिकरवरचा. हायवेवरच्या पंपावर गरम टायर 37 दाखवतो, पोरगा हवा सोडून 33 करतो अन् दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही 29 वर असता. स्टेपनीत दोन-तीन पीएसआय जास्तच ठेवा, महिन्याला एखादा आपोआप कमी होतो. पातळ, छोटी स्टेपनी असेल तर तिला 60 लागते, ते तिच्यावरच लिहिलेलं असते. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडेही वाचा, 1119 म्हणजे 2019 च्या अकराव्या आठवड्यात बनलेला. माझी स्टेपनी तीच निघाली, न वापरता म्हातारी झालेली.

अन् ती 14 वर का आली हेही कळलं. पंक्चरवाल्यानं व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावलं तर एक बारीक बुडबुडा फुगत राहिला, फुटला की दुसरा. पिन सैल होती. नवी पिन, वीस रुपये. आठ दिवसांनी मी परत गेज लावून पाहिलं, 35 भरले होते, 35 च आहेत.