मावशीच्या बावेचं पाणी

फेब्रुवारीतला शनिवार, सकाळची रो-रो. भाऊच्या धक्क्यावर गाडी बोटीत चढवली, वर डेकवर जाऊन चहा घेतला आणि तासाभरात मांडवा आलं पण. लहानपणी अलिबागजवळच्या नागावला मावशीकडे जायचं म्हणजे एसटीने पनवेल, पेण, वडखळ, मग कार्लेखिंड, अर्धा दिवस त्यातच जायचा आणि आई माझ्यासाठी पर्समध्ये लिंबू ठेवायची. त्यामुळे रो-रोचं मला मनापासून कौतुक आहे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटायचं की हा माणूस बोटी आणि पुलांच्या विरोधात आहे. तसं अजिबात नाहीये.

पण जेट्टीवरून बाहेर पडलं की पहिल्याच वळणापासून बोर्ड सुरू होतात. सी व्ह्यू व्हिला, एनए प्लॉट, क्लिअर टायटल, जेट्टीपासून दहा मिनिटं. सासवण्यापर्यंत मी मोजत होतो, मग सोडून दिलं. सासवण्याला शिल्पकार करमरकरांचं घर आहे, आता संग्रहालय, तिथे दरवेळी थांबतो तसा थांबलो. बाहेर आलो तर रस्त्यावर डंपरची रांग, मुरूम भरलेले, सगळे आवासच्या दिशेने चाललेले. हे डंपर मला दोन दिवस सगळीकडे दिसले, म्हणजे समुद्र एकवेळ दिसला नाही पण डंपर दिसला.

आवास ते किहीम हा रस्ता माझ्या आठवणीत उघडा होता. उघडा म्हणजे दोन्ही बाजूंना वाड्या, निरगुडीचं नाहीतर निवडुंगाचं कुंपण, त्यातून आत काय चाललंय ते सगळं दिसायचं, कोणी सुपारी वाळत घातलीय, कोणी झावळ्या विणतंय. आता भिंती आहेत, आठ-दहा फुटी, जांभा दगडाच्या, वर बोगनवेल, मधे मोठं लाकडी गेट आणि गेटपाशी वॉचमन. घरं सुंदर आहेत, खोटं कशाला बोलू. पण शनिवार असूनही निम्म्याहून जास्त गेटं बंद होती. वॉचमनशी गप्पा मारल्या तर म्हणाला मालक वर्षातून पाच-सहा वेळा येतात, बाकी वेळ तो, माळी आणि स्विमिंग पुलाचं फिल्टर.

किहीमला गाडी लावून समुद्राकडे चालत निघालो. मला आठवत होती ती वाट सापडेना. एका बाई डोक्यावर टोपली घेऊन येत होत्या, त्यांना विचारलं. म्हणाल्या, "इथूनच जायाचो आम्ही, आता गेट लागलाय ना. पलीकडून फिरून जावा." त्या रोज मासळी घेऊन तो फेरा मारतात, उन्हात, डोक्यावर ओझं घेऊन. ती वाट कोणाच्या सातबाऱ्यावर नव्हती म्हणे, वाडीवाल्याने पिढ्यानपिढ्या जाऊ दिलं म्हणून ती वाट होती, वाडी विकली गेली आणि वाट पण तिच्याबरोबर गेली. मला हे फार लागलं. जमीन विकली जाते ते कागदावर दिसतं, पण अशा वाटा, पाण्याच्या पाळ्या, कुणाच्या तरी विहिरीवरून कळशी भरून नेण्याची मुभा, हे कुठल्याच कागदावर नव्हतं त्यामुळे ते गेल्याची नोंदही कुठे होत नाही.

किनाऱ्यावरच्या बांधकामाला कायदा नाही असं नाही, सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम, १९९१ पासून आहेत. २०१९ मध्ये याच किहीमला एक भलामोठा बंगला सुरुंग लावून पाडला होता, टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं असेल. पण सीआरझेडमध्ये भरतीची रेषा बघतात, तिच्यापासून किती मीटर हे बघतात. मी ज्या भिंतींबद्दल बोलतोय त्यातल्या बहुतेक त्या रेषेच्या बऱ्याच आत, गावात आणि शेतात आहेत.

सुरूच्या झाडांखाली थोडा वेळ बसलो. पक्षीतज्ज्ञ सलीम अली इथेच किहीमला राहून सुगरणीची घरटी बघत बसायचे, १९३० च्या सुमारास. सुगरण घरटं विणते ते भाताच्या पातीच्या नाहीतर माडा-शिंदीच्या पातीच्या चिंध्या काढून. एका विहिरीवर वाकलेल्या झाडाला मागच्या पावसाळ्यातली चार-पाच घरटी लटकत होती, वाळकी. त्याच्या शेजारच्या शेतात भाताचे खुंट नव्हते, मुरूम पसरला होता.

संध्याकाळी नागावला पोचलो. त्याआधी आक्षीला मिनिटभर थांबलो, तिथे शके ९३४ चा म्हणजे इ.स. १०१२ चा शिलालेख आहे, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांमधला एक. त्यात महालक्ष्मीसाठी नऊ कुवली धान्याची नोंद आहे. हजार वर्षांपूर्वी इथे दगडावर कोरून ठेवावं असं काय वाटलं तर धान्य, हे तिथे उभं राहून वाचताना मला दरवेळी भारी वाटतं.

मावशीची वाडी तीस गुंठ्यांची, घर मधे, मागे पोफळी आणि माड, एका कोपऱ्यात विहीर. तिला इकडे बाव म्हणतात. पूर्वी तिच्यावर राहाट होता, मला अंधुक आठवतोय, मग पंप आला. पहाटे पाट सोडायचे आणि पाणी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात जायचं, ते वळवायला आम्ही पोरं चिखलात उभी असायचो. ह्या पाण्याची चव, समुद्र पाच मिनिटांवर असून, इतकी गोड होती की मुंबईला परत जाताना आई बाटली भरून घ्यायची.

रात्री जेवताना मावशीने माझ्यासमोर बिसलेरीचा जार ठेवला. मी काही बोललो नाही, तीच म्हणाली, "बाव मचूळ झालीय रे, तीन वर्षं झाली."

मावसभाऊ समजावून सांगत होता. किनाऱ्यालगत वाळूखाली पावसाचं गोडं पाणी साठतं, ते खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण गोडं हलकं. राहाट दिवसभर चालला तरी वरवरचंच पाणी निघायचं आणि पावसाळ्यात ते परत भरायचं. आता आजूबाजूच्या प्लॉटमध्ये बोअर आहेत, एकेका बंगल्यात स्विमिंग पूल आहे, लॉन आहे, लॉनला मे महिन्यात रोज पाणी लागतं. गोडं उपसलं की खारं वर चढतं, आणि ते काही कंपाउंड बघून चढत नाही. नळाला येतं ते उमटे धरणाचं, तिथे गाळ इतका साचलाय की उन्हाळ्यात पाळी लागते. मग टँकर. बंगल्यांनाही टँकर, आणि ज्यांच्या बावा मचूळ झाल्या त्यांनाही टँकर, फक्त एकाला परवडतो.

मी जरा तावातावाने म्हटलं की लोक विकतात कशाला पण जमिनी. मावशी शांतपणे म्हणाली, "तू निसर्गनंतर आला नव्हतास." खरंय, लॉकडाऊन होता. ३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ अलिबाग-मुरुड-श्रीवर्धन पट्ट्यातून गेलं आणि काही तासांत वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. मावशीकडच्या पोफळी निम्म्याहून जास्त मोडल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी हातात यायला सहा-सात वर्षं सहज जातात, माडाचंही तसंच. म्हणजे सहा-सात वर्षं उत्पन्न नाही, मजुरी मात्र चालू. आणि बघा, रो-रो सुरू झाली ती त्याच वर्षी मार्चमध्ये, आणि त्याच वर्षी घरात कोंडलेल्या, पैसे असलेल्या शहरातल्या माणसाला मोकळ्या हवेतलं घर हवंसं झालं. इकडे वाडी पडलेली आणि तिकडे गिऱ्हाईक गाडी घेऊन दारात उभं. शेजारच्या काकांनी वाडी दिली ती अशी. त्यांना हावरट म्हणणाऱ्यांनी पडलेली वाडी उचलायला किती माणसं लागतात ते एकदा बघावं.

आणि गावाला काहीच मिळालं नाही असंही नाही. भावाचे दोन मित्र जेसीबी चालवतात, स्वतःचे. होमस्टे आहेत, घावणे आणि मोदक करून बायकांच्या हातात पैसा येतोय, शनिवार-रविवारी नागावात रूम मिळत नाही. पण होमस्टे आणि बंगला यात मी फरक करतो. होमस्टेवाल्याला ती वाडी जिवंत ठेवावीच लागते, पाहुणा त्यासाठीच येतो.

रविवारी सकाळी अलिबागजवळच्या खंडाळे गावाकडे गेलो, पांढरा कांदा घ्यायला. भात कापलं की त्याच शेतात हा कांदा लावतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, पातीसकट विणून माळा करतात आणि त्या रस्त्याच्या कडेला टांगलेल्या असतात. २०२२ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय. चव अशी की नुसता भाकरीबरोबर खावा. बियाणं शेतकरी स्वतःच धरतात, त्यामुळे ज्या घराने लावणं बंद केलं त्या घरातलं बी पण संपलं.

माळा विकत बसलेल्या काकांनी शेत दाखवलं. त्यांच्या वरच्या अंगाला प्लॉटिंग झालंय, तीन-चार फूट भराव आणि चारी बाजूंनी भिंत. पूर्वी पावसाचं पाणी बांधाबांधावरून ओहोळाला जायचं, आता भिंतीला अडतं आणि वळून ह्यांच्या शेतात तुंबतं. गेल्या वर्षी रोपं दोनदा कुजली म्हणाले. तक्रार केली, अर्जावर शिक्का मिळाला, पुढे काही नाही. आणि मग प्लॉटवाल्याचाच एजंट येऊन विचारून गेला की हे पण देता का, नाहीतरी पिकत नाही.

काकांचे वडील चरीच्या संपात होते. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: १९३३ ते १९३९, इथून जवळच्या चरी गावातून सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप. खोतांना द्यायचा खंड, म्हणजे पिकातला वाटा, इतका की राबणाऱ्याच्या घरात दाणा उरायचा नाही, म्हणून नारायण नागू पाटलांच्या मागे कुळांनी शेतं लावायचीच नाहीत असं ठरवलं. सहा वर्षं. डोंगरातून लाकूडफाटा आणून विकला, मोलमजुरी केली, पण भात लावलं नाही. डॉ. आंबेडकर पाठीशी उभे राहिले. पुढे कुळकायदा आला, कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर लागलं, त्यामागे ही सहा वर्षं आहेत.

आणि आता कार्लेखिंडीपासून पोयनाडपर्यंत गाडी चालवा, परत शेतं ओस दिसतात. कोणी लावत नाही, कारण भाव वाढायची वाट बघणं चाललंय. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये झाला, आता सगळ्यांच्या तोंडी रेवस-करंजा पूल आणि विरार-अलिबाग कॉरिडॉर. काकांचा मुलगा एमआयडीसीत कामाला, तो म्हणतो भात लावून वर्षाचे किती मिळतात ते मला सांगा. काकांकडे त्याचं उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं. मी चार माळा घेतल्या, दोन पुरल्या असत्या.

दुपारी परत नागावला. निघायच्या आधी भाऊ म्हणाला चल मागे, दाखवतो. पोफळींचे शेंडे पिवळे पडलेत, नव्याने लावलेल्या पोफळींचेसुद्धा, ज्या निसर्गनंतर मावशीने कर्ज काढून लावल्या. पोफळीला खारं पाणी चालत नाही. माडाला चालतं, थोडंफार. म्हणून आता मेलेल्या पोफळींच्या जागी माड लावायचं ठरलंय, बावीस रोपं बुक केलीत. खड्डे आत्ताच काढून ठेवायचेत म्हणजे उन्हाने माती तापेल आणि पावसाला लावता येतील. तीन बाय तीन बाय तीन फूट. मला वाटलं बोलण्यात वेळ जातोय तर एखादा काढू, आम्ही दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत पाच काढले, हाताला फोड आले आणि माझी रो-रो चुकली.

मावशीने पुढच्या बोटीसाठी डबा भरून दिला, भाकरी, पांढऱ्या कांद्याची भाजी आणि पाण्याची बाटली, जारमधली. जूनमध्ये ये म्हणाली, सतरा राहिलेत.