दिवस गेल्यावर डाग लागले आणि रिपोर्टवर 'लो' लिहून आलं

पाळी चुकली, घरच्या टेस्टला दोन रेघा आल्या आणि आठ-पंधरा दिवसांत कपड्याला डाग दिसला. सातारा असो की सांगली, पुढचा क्रम बहुतेक घरांत ठरलेला. आत्याबाई पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावायला सांगतात, कुणीतरी पपई खाल्लीस का म्हणून विचारतं, आणि दुसऱ्या दिवशी लॅबचा रिपोर्ट मोबाइलवर येतो: प्रोजेस्टेरॉन 9, शेजारी ठळक अक्षरात 'लो'. मग सगळं घर त्या एका आकड्याला धरून बसतं. आकडा खोटा नसतो, पण एकट्याने तो फार थोडं सांगतो.

पोटात एका बाजूला जोरात दुखत असेल, खांद्याच्या टोकाला दुखत असेल, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, किंवा तासाला दोन मोठे पॅड भिजतील एवढं सलग दोन तास जात असेल, तर पुढचं वाचत बसू नका. 108 ला फोन करा. गर्भाशयाऐवजी बीजनलिकेत गर्भ राहून ती नळी फुटली की रक्त पोटात साचतं, बाहेर डागभरच दिसतं. म्हणून बाहेरच्या रक्तावरून धोका मोजू नये. अशा वेळी ऑपरेशन, भूल देणारे डॉक्टर आणि रक्त तिन्ही लागतं, आणि ते प्राथमिक आरोग्य केंद्रात नसतं. जत-आटपाडीकडच्यांना मिरज-सांगली गाठावी लागते, कोयना खोऱ्यातल्यांना कराड, माण-खटावकडच्यांना बहुधा सातारा. निघण्याआधी फोन करून रात्री ऑपरेशन होतं का एवढं विचारा, आणि रक्त देऊ शकतील अशी दोन माणसं बरोबर घ्या.

एवढी घाई नसेल, तर थोडं शांतपणे बघू. पहिल्या तीन महिन्यांत चारपैकी साधारण एका बाईला थोडंफार अंगावरून जातं आणि त्यातल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त जणींचा गर्भ पुढे नीट वाढतो. तपकिरी डाग म्हणजे जुनं रक्त. लालभडक म्हणजे ताजं. त्याने लगेच सगळं संपलं असं होत नाही, पण त्याच दिवशी दाखवायला हवं. रक्त गर्भाच्या पिशवीशेजारी साचलेल्या गाठीतून येतं, गर्भाशयाच्या तोंडाला सूज किंवा मस असेल तर तिथून येतं, संबंधानंतरही येतं. गर्भ टिकणारच नसेल तर त्याचंही पहिलं लक्षण हेच. आणि अशा गळून जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचाच दोष असतो. तिथे पपई, स्कूटी, पाण्याची कळशी, द्राक्षबागेतली विरळणी यांपैकी कशालाही बोल लावण्यात अर्थ नाही.

आता हार्मोन. रिपोर्टवर दोन नावं येतात आणि त्यांची सतत गल्लत होते. बीटा एचसीजी गर्भाच्या भोवतालच्या पेशी बनवतात. म्हणजे ही गर्भाकडून आलेली खबर. प्रोजेस्टेरॉन सुरुवातीला आईच्या अंडाशयातून येतं, स्त्रीबीज बाहेर पडल्यावर तिथे जी पिवळी गाठ उरते तिच्यातून. शेवटच्या पाळीपासून मोजलेल्या सातव्या ते नवव्या आठवड्याच्या दरम्यान वार हे काम आपल्याकडे घेते. तोवर त्या गाठीला चालू ठेवतं ते एचसीजीच. म्हणून गर्भ कमजोर असला की एचसीजी कमी पडतं आणि त्यामागून प्रोजेस्टेरॉनही उतरतं. बऱ्याचदा कमी हार्मोन हे गर्भ न टिकण्याचं कारण नसतं, परिणाम असतो. वरून गोळी दिली की सगळं सावरेल, हा हिशेब इथेच चुकतो.

बीटाचा एक आकडा घेऊन तक्त्याशी ताडून बघू नका. पाचव्या आठवड्यात निरोगी गर्भाचा आकडा काहीशेही असतो आणि काही हजारही. वाढ बघायची असते. बरोबर 48 तासांनी, त्याच लॅबमध्ये दुसरं रक्त द्यायचं. 'त्याच लॅबमध्ये' यावर भर देण्याचं कारण असं की यंत्र आणि रसायन बदललं की तोच नमुना वेगळा आकडा दाखवतो. विट्याला किंवा वडूजला सकाळी दिलेलं रक्त पुष्कळदा पुण्या-मुंबईच्या मुख्य लॅबमध्ये जातं, तेव्हा दोन्ही नमुने एकाच कंपनीकडे जातायत ना हे विचारून घ्या.

समजा सोमवारी सकाळी दहाला 420 आला. पहिला आकडा 1500 च्या खाली असेल तर 48 तासांत निदान 49 टक्के वाढ अपेक्षित असते, म्हणजे बुधवारी दहाला 626 च्या पुढे. 700 आला तर वाढ 67 टक्के, ठीक आहे. 'दुप्पट नाही झाला' म्हणून रडायची गरज नाही. दुप्पट हा नियम नाही, ढोबळ अंदाज आहे. 470 आला तर वाढ जेमतेम 12 टक्के, आणि नळीत गर्भ आहे का ते शोधायला लागतं. 180 वर उतरला तर गर्भ बहुधा टिकत नाहीये. तरी आकडा पार खाली जाईपर्यंत तपासण्या सोडायच्या नाहीत, कारण नळीतल्या गर्भातही बीटा उतरू शकतो. उलट कधी कधी नळीतल्या गर्भातही आकडा छान वाढतो. सुरुवातीचा आकडा 1500 ते 3000 असेल तर 40 टक्के आणि त्यापुढे 33 टक्के वाढ पुरते. सहा-सात आठवड्यांनंतर वेग आपोआप मंदावतो. तिथून पुढे रक्तापेक्षा सोनोग्राफी कामाची. ठोके दिसल्यावरही दर दोन दिवसांनी बीटा करत राहणं म्हणजे पैसे घालवून जीव टांगणीला लावणं.

प्रोजेस्टेरॉनचं गणित आणखी निसरडं. मिलिलिटरला 5 नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर गर्भ टिकण्याची शक्यता फार कमी, 20-25 च्या वर असेल तर चांगली. मधल्या पट्ट्यातून ठाम काही निघत नाही, आणि आपला तो 9 नेमका तिथेच बसतो. ते रक्तात एकसारखं सुटत नाही, लहरींनी सुटतं, त्यामुळे काही तासांत आकडा बराच खालीवर होतो. शिवाय गर्भ गर्भाशयात आहे की नळीत, हे त्यातून कळतच नाही. एककही बघा: परदेशी तक्ते पुष्कळदा नॅनोमोलमध्ये असतात. मिलिलिटरला 1 नॅनोग्रॅम म्हणजे लिटरला सुमारे 3.18 नॅनोमोल, तेव्हा आपला 9 तिकडे साधारण 29 होतो.

गोळी चालू केल्यावर पुन्हा प्रोजेस्टेरॉन तपासून 'अजून वाढलं नाही' म्हणून डोस वाढवून मागणाऱ्यांसाठी खास. ड्युफास्टनसारख्या गोळीत डायड्रोजेस्टेरॉन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं वेगळं रसायन, असतं. ते लॅबच्या प्रोजेस्टेरॉन चाचणीत मोजलंच जात नाही. योनीत ठेवायच्या कॅप्सूलचं औषध मुख्यतः थेट गर्भाशयाला मिळतं, रक्तात थोडंच दिसतं. म्हणजे दोन्ही बाबतीत औषध काम करत असतानाही रिपोर्ट 'लो' येऊ शकतो. केस गळतात म्हणून बायोटिन घेत असाल तर तेही लॅबला सांगा. काही यंत्रांवर त्यामुळे बीटा खोटा कमी आणि प्रोजेस्टेरॉन खोटं जास्त येतं.

मग औषध घ्यायचं की नाही? 2019 मध्ये ब्रिटनमधल्या 48 रुग्णालयांतल्या, रक्तस्राव झालेल्या 4153 बायकांवरचा प्रिझम अभ्यास प्रसिद्ध झाला. योनीत 400 मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन दिवसातून दोनदा, 16 आठवड्यांपर्यंत. औषध घेतलेल्यांत 75 टक्क्यांना जिवंत मूल झालं, न घेतलेल्यांत 72 टक्क्यांना. हा फरक ठरवून सांगण्याएवढा नव्हता. पण आधी तीन किंवा जास्त गर्भ गेलेल्यांत 72 विरुद्ध 57 असा फरक दिसला. म्हणून ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2021 मध्ये सल्ला बदलला: गर्भ गर्भाशयात असल्याचं सोनोग्राफीत दिसलंय, रक्त जातंय, आणि पूर्वी निदान एक गर्भ गेलाय, अशांना हे औषध द्यावं. लक्षात घ्या, या अटींत प्रोजेस्टेरॉनचा रिपोर्ट कुठेच नाही. पहिलटकरणीला डाग दिसताच इंजेक्शनांचा कोर्स सुरू होतो, त्यामागे पुरावा कमी आणि घरच्यांचा आग्रह जास्त, असं माझं स्पष्ट मत. चालू असलेलं औषध मात्र मनाने बंद करू नका. तोंडावाटे घ्यायच्या प्रोजेस्टेरॉनने गुंगी येते, ते रात्री घेतलेलं बरं. योनीतल्या कॅप्सूलनंतर पांढरट स्राव येतो, तो जंतुसंसर्ग नसतो.

सोनोग्राफीची घाई पाचव्या आठवड्यात करू नका, दुखत नसेल तर. गर्भाची पिशवी साधारण पाच आठवड्यांना दिसते, ठोके सहाच्या आसपास. पाळी अनियमित असेल तर मोजलेले सात आठवडे प्रत्यक्षात साडेपाच निघतात. खालून करायची सोनोग्राफी लघवी करून, मूत्राशय रिकामं असताना करतात, तिने गर्भ पडत नाही. गर्भाची लांबी 7 मिलिमीटर किंवा जास्त असून ठोके नाहीत, किंवा पिशवीचा सरासरी व्यास 25 मिलिमीटर किंवा जास्त असून आत गर्भ नाही, तरच एका सोनोग्राफीवरून गर्भ वाढत नसल्याचं ठामपणे म्हणता येतं. त्याहून लहान मापांवर कुणी लगेच गर्भाशय साफ करू म्हणालं, तर सात ते चौदा दिवसांनी पुन्हा बघू का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सोनोग्राफीला आधार कार्ड न्या. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याने एफ फॉर्म भरावाच लागतो.

पलंगाखालच्या विटा काढून टाका. सक्तीने झोपून राहिल्याने गर्भ वाचतो, याला पुरावा नाही. पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका मात्र वाढतो. जड ओझी आणि संबंध रक्त थांबेपर्यंत टाळा, बाकी घरात वावरा. टॅम्पॉन किंवा कप नको, पॅडच वापरा, म्हणजे किती जातंय ते मोजता येतं. दुखलं तर पॅरासिटामॉल चालते. डायक्लोफेनॅक किंवा रक्त थांबवायची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका. गाठीसारखं काही पडलं तर स्वच्छ डबीत घेऊन दवाखान्यात न्या. त्याची गुणसूत्र तपासणी करायची असेल तर ते सलाईनमध्ये ठेवावं लागतं, फॉर्मलिनमध्ये घातलं की ती तपासणी होत नाही.

रक्तगट माहीत नसेल तर आजच करून घ्या. निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. बारा आठवड्यांच्या आतल्या नुसत्या डागांना अँटी-डी (निगेटिव्ह रक्तगटाच्या बाईला द्यायचं इंजेक्शन) द्यावं की नाही यावर डॉक्टरांत दोन मतं आहेत, पण गर्भाशय साफ केलं किंवा नळीचं ऑपरेशन झालं तर ते शक्यतो 72 तासांच्या आत द्यायचं असतं.