हाताच्या अंतरावर : माझा अनुभव

आम्ही ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. दोन वर्षांपूर्वी रात्री दहाच्या सुमारास शिफ्ट संपवून येताना गाडीत गॅस म्हणजे पेट्रोल भरायला थांबले होते, एक माणूस सुट्टे आहेत का विचारत जवळ आला आणि मी नाही म्हणेपर्यंत पर्सचा पट्टा आणि माझं मनगट दोन्ही त्याच्या हातात होतं. तेवढ्यात दुसरी गाडी आत वळली, लाईट आमच्यावर पडला तसा तो पळाला. मनगट चार दिवस काळंनिळं होतं. पण डोक्यातून जात नव्हतं ते हे की तो इतका जवळ होता की त्याच्या तोंडाचा वास येत होता मला.

मग ठरवलं की गन घ्यायची. इथे येऊ घातलेल्यांसाठी सांगते, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना शिकारीचा परवाना वगैरे थोडे अपवाद सोडले तर गन बाळगताच येत नाही, माझं ग्रीन कार्ड झालेलं होतं म्हणून जमलं. टेक्सासमधे १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना लायसन्सशिवाय हँडगन जवळ ठेवता येते, तरी मी लायसन्स काढलं कारण मला कायदा नीट समजून घ्यायचा होता. क्लास, बोटांचे ठसे, ४० डॉलर फी आणि ५० गोळ्यांची टेस्ट, ३, ७ आणि १५ यार्डांवरून, २५० पैकी १७५ ला पास. मला २३१ पडले आणि घरी येताना खूप हलकं वाटत होतं. रात्री झोपताना लक्षात आलं की ३ यार्ड म्हणजे ९ फूट झाले आणि तो माणूस तर एक फुटावरही नव्हता, शिवाय कागदाचं टार्गेट कोणाचं मनगट धरत नाही.

म्हणून शोधून शोधून दोन दिवसांचा क्लोज रेंजचा, म्हणजे अगदी जवळच्या अंतराचा कोर्स केला. शिकवणारे निवृत्त पोलीस. पहिला अर्धा दिवस खरी गन हातातच दिली नाही, सगळ्यांना निळ्या प्लास्टिकच्या डमी. त्यांनी १९८३ सालचं सांगितलं, सॉल्ट लेक सिटीचे पोलीस डेनिस ट्युलर यांनी मोजून दाखवलं होतं की धावत येणारा माणूस २१ फूट साधारण दीड सेकंदात कापतो. ऐकताना मान डोलावली मी. मग एका मुलाला २१ फुटांवर उभं केलं, तो धावला, त्याचा तळहात माझ्या खांद्यावर पडला तेव्हा माझ्या मुठीत अजून कमरेच्या गनवरचा कुर्ताच होता, गनपर्यंत हात पोचलाच नव्हता.

तिथून पुढे खरं शिक्षण सुरू झालं. इतक्या जवळ माणूस असेल तर आधी गन नाही, आधी हात. डावा हात कोपरात दुमडून कपाळाशी आणायचा, डोकं वाचवायचं, खांद्याने ढकलायचं, तिरकं सरकायचं, थोडी जागा झाली की मगच उजवा हात कमरेला. आणि गन बाहेर आली तरी पिक्चरमधे दाखवतात तसे दोन्ही हात लांब करायचे नाहीत, कारण लांब केलेली गन म्हणजे समोरच्याला पकडायला आयती दिल्यासारखी. ती बरगडीला चिकटवून, अंगठा छातीच्या कडेला टेकलेला, गन जराशी बाहेर झुकलेली म्हणजे स्लाईड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, कपड्यात अडकत नाही. यात सगळ्यात मोठी भीती स्वतःच्याच डाव्या हाताची, ढकलायच्या नादात तो नळीच्या पुढे येतो. माझा पहिल्या तासात तीनदा आला आणि तीनही वेळा त्यांनी सगळा वर्ग थांबवला.

एक गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. रिकाम्या पिस्तुलाची नळी त्यांनी रबरी पॅडवर दाबली, स्लाईड जेमतेम थोडी मागे सरकली, आणि ट्रिगर ओढला तर काहीच नाही, टक आवाजसुद्धा नाही. म्हणजे अंगाला टेकवली की पिस्तूल चालेलच असं नाही. रिव्हॉल्व्हरला स्लाईड नसल्याने हा प्रश्न येत नाही, पण तिचा सिलिंडर, म्हणजे गोळ्या असलेला फिरता भाग, कोणी घट्ट धरला तर तो फिरत नाही, म्हणजे तीही अडतेच.

कायद्याचा भाग त्यांनी पुन्हा शिकवला आणि बरं झालं शिकवला. नुसती पर्स ओढली एवढ्यावर झटकन गोळी झाडायची असं नसतं, जीव घेणारं बळ त्या क्षणी लगेच गरजेचं होतं असं तुम्हाला वाटणं रास्त होतं का हे बघितलं जातं. मी त्यांना गॅस स्टेशनचं सगळं सांगितलं, ते म्हणाले त्या रात्री तुला गन नको होती, पर्स सोडून मागे सरकायला हवं होतं. हे ऐकून मी थोडा वेळ बाहेर जाऊन बसले. दोन वर्षं मी उलटं समजत होते.

आता गन पर्समधे अजिबात नाही, पर्सच तर ओढली जाते. कमरेला, कडक बेल्टवर, वर सैल कुर्ता, आणि घरात पाय ठेवला की लॉकरमधे, कारण मुलगा सहा वर्षांचा आहे आणि निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली गन १७ च्या खालच्या मुलाच्या हाती लागली तर इथे तो गुन्हाच आहे.

शेवटच्या दिवशी मी विचारलं की माझ्या डाव्या हातात तर मुलाचा हात असतो, मग कपाळाशी काय नेऊ? त्यांनी वाळूची एक पिशवी डाव्या हातात दिली आणि तासभर तेवढंच करून घेतलं, पिशवी आधी पाठीमागे सोडायची, मग हात वर. घरी येऊन मुलाला एकच शब्द शिकवलाय, "मागे". मी तो शब्द उच्चारला की त्याने हात सोडून माझ्या पाठीमागे यायचं, प्रश्न विचारायचा नाही. शनिवारी वाणसामान आणायला जातो तेव्हा पार्किंगमधे दोनतीनदा करतो आम्ही, आता तो माझा शब्द पुरा व्हायच्या आत मागे असतो.