मोबाइलवर पीएसपीचा जुना फुटबॉल: गाडी अडते ती फोल्डरपाशी

पावसाळ्यात वेंगुर्ल्याकडे रेंज गेली की ऑनलाइन खेळ बंदच. गोवा हाकेच्या अंतरावर, फुटबॉलचं वेड घराघरात, म्हणून मी फोनवर पीएसपीचा (सोनीचं हातात धरून खेळायचं जुनं यंत्र) ‘प्रो इव्होल्यूशन सॉकर २०१४’ लावून घेतला. एकदा बसला की इंटरनेट लागत नाही.

पीएसपीचे खेळ फोनवर चालवणारं पीपीएसएसपीपी हे ॲप प्ले स्टोअरवर फुकट आहे. त्याची पैसे देऊन मिळणारी गोल्ड आवृत्ती खेळ जास्त वेगात चालवत नाही. ते पैसे म्हणजे बनवणाऱ्याला मदत. खेळाची आयएसओ फाइल, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रत, स्वतःच्या यूएमडीवरूनच (पीएसपीची छोटी डिस्क) काढा. पीएसपीवर कस्टम फर्मवेअर (मूळच्या जागी टाकलेलं, बदललेलं सॉफ्टवेअर) असेल तर सिलेक्ट दाबल्यावर येणाऱ्या मेनूत यूएसबी डिव्हाइससाठी यूएमडी डिस्क निवडायची आणि केबलने कॉम्प्युटरला जोडायचं, फाइल समोर दिसते. यूएमडीत जास्तीत जास्त १.८ जीबी मावतात, तेव्हा फोनमध्ये २ जीबी जागा मोकळी ठेवा.

इथवर काही अडत नाही. अडतं ते पुढे, आणि याचा राग अजून गेलेला नाही, कारण बहुतेक जुने व्हिडिओ अजून तीच जुनी वाट दाखवतात: फोनच्या मेमरीत पीएसपी नावाचं फोल्डर असतंच, त्यात फाइली टाका, झालं. अँड्रॉइड ११ पासून ते तसं राहिलेलं नाही. ॲपला सगळी मेमरी उघडी मिळत नाही. तुम्ही दाखवाल तेवढंच फोल्डर त्याला दिसतं. पहिल्यांदा ॲप उघडताच ते विचारतं: पीएसपी फोल्डर निवडायचं, की ॲपची खाजगी जागा वापरायची? घाईत दुसरा पर्याय दाबू नका. ॲप काढलं की त्या खाजगी जागेतले सेव्हही जातात, आणि फाइल मॅनेजरमधून तिथे हातही घालता येत नाही.

पहिलाच पर्याय घ्या. तिथे मेमरीचं मूळ पान किंवा सरळ डाउनलोड फोल्डर निवडायला गेलात तर ‘वापरा’चं बटणच दाबलं जात नाही. फोन बिघडलेला नसतो, अँड्रॉइडची बंदी असते. वरच्या कोपऱ्यातून नवीन फोल्डर करा, नाव पीएसपी द्या (इंग्रजी अक्षरांत), त्यात शिरा आणि मग परवानगी द्या.

आता खरी मेख. निवडलेल्या फोल्डरचं नाव पीएसपी असेल तर ॲप त्यालाच पीएसपी धरतं. त्यात तुम्ही जुन्या फोनमधलं अख्खं पीएसपी फोल्डर आणून टाकलंत की पीएसपीच्या आत पीएसपी होतं, आणि जुनी मास्टर लीग (एक संघ घेऊन अनेक हंगाम खेळायचा प्रकार) काही दिसत नाही. आतलं सेव्हडेटा फोल्डर उचलून एक पायरी वर आणा, लगेच दिसते.

तरीही दिसत नसेल तर सेव्हच्या फोल्डरचं नाव वाचा. त्याची सुरुवात डिस्कच्या क्रमांकाने होते: युरोपची डिस्क असेल तर यूएलईएस, जपानची असेल तर यूएलजेएम. एका प्रदेशाचा सेव्ह दुसऱ्या प्रदेशाच्या डिस्कवर उघडत नाही.

आयएसओ मात्र याच फोल्डरात असायला हवी असं मुळीच नाही. ‘गेम्स’मध्ये ब्राउझ दाबून ती जिथे आहे ते फोल्डर दाखवलं की पुरे. आधीच खाजगी जागा निवडून बसला असाल तर सेटिंग्जमधल्या सिस्टीममध्ये मेमरी स्टिकचं फोल्डर (म्हणजे हेच पीएसपी फोल्डर) बदलता येतं.

चित्राचं थोडक्यात: पीएसपीचा पडदा ४८० बाय २७२चा, तेव्हा साध्या फोनवर रेझोल्यूशन दुप्पट ठेवा. चित्र काढायच्या दोन पद्धतींपैकी आधी व्हल्कन लावून बघा, चित्र फाटलं तर ओपनजीएल. फ्रेमस्किप, म्हणजे मधली चित्रं गाळणं, शक्यतो बंदच असू दे. त्याने चेंडू उड्या मारत पुढे जातो आणि पास चुकतात.

चौकोन शूट, फुली छोटा पास, गोल लाँग पास, त्रिकोण थ्रू बॉल, आर दाबून धाव. टच बटणांच्या मांडणीत आर थोडं मोठं करून घ्या, कारण ते सतत दाबलेलं असतं. इथल्या दमट हवेत घामेजलेला अंगठा सरकतो आणि धाव मध्येच तुटते, तेव्हा जवळ सुती फडकं असू द्या.

चार्जिंगला लावून खेळू नका. फोन तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि सामना रेंगाळतो. लोक मग उगाच सेटिंग्ज उलटसुलट करत बसतात. लाइट जायच्या आधी चार्ज करून ठेवा.

आणि हो, मास्टर लीग सेव्ह स्टेटवर (खेळ आहे त्या क्षणी ॲपने गोठवून ठेवलेली प्रत) सोडू नका. ॲपची आवृत्ती बदलली की तो उघडेलच असं नाही. खेळाच्या आतल्या मेनूतून सेव्ह करा आणि सेव्हडेटाची एक प्रत मेमरी कार्डावर ठेवा.