पांढरी तीन की पांढरी चार: लंडनमध्ये जॅझ-इंडी बँड कसा जमतो

लंडनमधल्या एखाद्या छोट्या पबात संध्याकाळी बँड ऐकायला गेलात, तर इलेक्ट्रिक गिटारच्या शेजारी टेनर सॅक्सोफोन उभा असलेला हमखास दिसेल. कधी व्हायोलिन असतं, कधी चक्क ट्यूबा. जॅझ शिकलेले वादक आणि इंडी, म्हणजे स्वतःची गाणी स्वतः रचून मोठ्या कंपन्यांच्या बाहेर वाजवणारी मंडळी, यांचे मिश्र बँड इथे आता रुळले आहेत. आपल्याकडून शिकायला किंवा नोकरीला आलेल्या अनेकांच्या बोटांत तबला, हार्मोनियम, गिटार असते आणि अशा बँडमध्ये शिरावं असं त्यांना वाटतं. त्यांच्यासाठी हे लिहितो आहोत.

आधी माणसं येतात कुठून ते पाहू. टुमॉरोज वॉरियर्स ही संस्था १९९१ पासून तरुणांना जॅझ शिकवते, तेही मोफत. एझ्रा कलेक्टिव्ह हा पाच जणांचा बँड तिथेच २०१२ मध्ये जमला: ड्रम आणि बेसवर दोन सख्खे भाऊ, शिवाय कीबोर्ड, ट्रम्पेट आणि टेनर सॅक्स. २०२३ मध्ये त्यांना मर्क्युरी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार मिळाला. तो मिळवणारा हा पहिला जॅझ बँड. क्रॉयडनचं ब्रिट स्कूल सरकारी खर्चाने चालतं, तिथून ब्लॅक मिडी हा बँड निघाला. ‘ब्लॅक कंट्री, न्यू रोड’ नावाच्या बँडमध्ये गिटार, बेस, ड्रम, कीबोर्ड यांच्या बरोबरीने सॅक्स आणि व्हायोलिन आहे, आणि त्यांची व्हायोलिनवादक गिल्डहॉल या लंडनच्या संगीतशाळेत जॅझ व्हायोलिन शिकलेली. या दोन्ही बँडांची सुरुवातीची जडणघडण ब्रिक्स्टनच्या विंडमिल नावाच्या पबात झाली. उलट दिशेचं उदाहरण द स्माइल या बँडचं: रेडिओहेड या प्रसिद्ध रॉक बँडमधले दोघे, आणि ड्रमला टॉम स्किनर, जो त्याआधी दोन ड्रमर, एक ट्यूबा आणि एक सॅक्स अशा सन्स ऑफ केमेटमध्ये वाजवत होता.

ही नावं घेण्यामागे कारण आहे. या बहुतेकांमध्ये ओळख आधी होती, बँड नंतर झाला. जाहिरात देऊन सहा अनोळखी वादक गोळा केले तर ते एकत्र वाजवतात, पण एकमेकांसाठी जागा सोडायला शिकत नाहीत. आणि जागा सोडणं हेच या प्रकारातलं खरं काम आहे.

ते अवघड का जातं, याचं मूळ दोन परंपरांमध्ये आहे. जॅझवादकाला गाणं म्हणजे आपल्या बंदिशीसारखं वाटतं. मुखडा एकदा वाजवायचा, मग त्याच आवर्तनावर प्रत्येकाने आपली बढत करायची, शेवटी पुन्हा मुखडा. ३२ बारचं आवर्तन म्हणजे चारच्या हिशेबाने १२८ मात्रा. ब्लूज असेल तर १२ बार, ४८ मात्रा. त्याच्यापुढे कागदावर फक्त चाल आणि कॉर्डची नावं असतात. इंडी वादकाला मात्र प्रत्येक कडव्यात कोणता सूर आवाज बदलणाऱ्या कोणत्या पेडलमधून येणार हे ठरलेलं हवं असतं, आणि ते त्याने कागदाशिवाय पाठ केलेलं असतं. एक जण कागद मागतो, दुसऱ्याला कागद वाचता येत नाही. पहिल्या तालमीतला बराच वेळ यातच जातो.

इलाज सोपा आहे, पण कष्टाचा. प्रत्येक गाण्याचा एका पानाचा नकाशा करावा: प्रस्तावना ४ बार, कडवं १६, ध्रुवपद ८, सोलोसाठी, म्हणजे एकट्याच्या बढतीसाठी, मोकळी जागा किती आवर्तनांची, आणि तिथून बाहेर पडण्याची खूण कोण देणार. खूण देणारा एकच हवा. सोलो वाजवणाऱ्याने स्वतःच खूण द्यायची ठरवली, तर रंगात आल्यावर तो ती विसरतो, आणि बेस ध्रुवपदात पोचलेला असताना ड्रमर अजून आवर्तनातच फिरत असतो. समेची सवय असलेला आपला वादक इथे फार उपयोगी पडतो. आवर्तन न मोजता अंगात ठेवणं त्याला जमतं.

आता पट्टीचं भांडण, कारण सगळ्यात जास्त तालमी यातच नासतात. गिटारवाल्याला पांढरी तीन, म्हणजे इंग्रजी नावाने E, आवडते. त्याची सगळ्यात खालची तार तीच आहे, उघड्या तारा घुमतात, गाणंही बहुतेक त्यातच सुचलेलं असतं. पण सॅक्स आणि ट्रम्पेटचे सूर कागदावर असतात एक आणि ऐकू येतात वेगळे. पांढरी तीनमधलं गाणं टेनर सॅक्सला आणि ट्रम्पेटला काळी तीनमधून वाजवावं लागतं, म्हणजे कागदावर सहा तीव्र (शार्प) स्वर; अल्टो सॅक्सला तर काळी एकमधून, सातही स्वर तीव्र. वादक कच्चा असेल तर चुकतो, पक्का असेल तर वाजवतो, पण बढत करताना जपून पावलं टाकतो. गिटारच्या पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावला की गिटारवाल्याची बोटं तीच राहतात आणि गाणं पांढरी चारमध्ये येतं. मग टेनरला पांढरी पाच, एकच तीव्र स्वर. अल्टोला पांढरी दोन, दोनच. गायकाचा गळा अर्धा सूर वर जाऊ शकतो का, तेवढं तपासायचं. सगळी गाणी मात्र हलवू नयेत. उघड्या खालच्या तारेच्या घुमाऱ्यावर उभं असलेलं गाणं कॅपोने पातळ होतं. तिथे सॅक्सवाल्याने मेहनत करावी.

ड्रमर निवडताना सर्वाधिक वेळ घ्यावा. स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या ठेक्यात, मात्रेचे दोन भाग असमान पडतात, मध्यम लयीत साधारण दोनास एक. इंडीच्या ठेक्यात ते समान असतात. ड्रमर स्विंगकडे झुकला आणि गिटार सरळ वाजत राहिली, तर ऐकणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण गाणं लंगडतं. तपासायचं असेल तर ड्रम, बेस आणि गिटार या तिघांनाच एक गाणं दोन्ही प्रकारे वाजवायला सांगा. ड्रमचा आकारही बोलतो. जॅझच्या सेटचा बेस ड्रम बहुधा १८ इंची, इंडीचा २२ इंची. १८ इंचीचा सूर वर असतो, तो बेस गिटारच्या वाटेत कमी येतो, पण मोठ्या ध्रुवपदाला धक्का कमी पडतो. राइड सिंबलची, म्हणजे मोठ्या झांजेची, सतत चाललेली छनछन गाण्याचे शब्द खाते, म्हणून कडव्यात ड्रमरने हाय-हॅटवर, म्हणजे पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर, यावं.

बेसचा नियम कीबोर्डवाल्याला सांगायचा असतो: डावा हात कीबोर्डच्या मधल्या पांढरी एकच्या (मिडल C) खाली फार नको. बेसची खालची तार ४१ हर्ट्झला आणि गिटारची ८२ हर्ट्झला बोलते. त्या पट्ट्यात कीबोर्डचा डावा हातही उतरला की सगळा चिखल होतो, आणि आवाज वाढवून तो निवळत नाही. गिटारला डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज खरखरीत करणारा परिणाम, लावलं की ती मधल्या स्वरांचा सगळा पट्टा व्यापते, म्हणजे नेमकी सॅक्स आणि गळ्याची जागा. त्यामुळे सॅक्सची ओळ येते तिथे गिटारवाल्याने दोन तारांवर यावं किंवा थांबावं. थांबणं हाही त्याचा भाग आहे हे नकाशात लिहून ठेवलं की कुणाला अपमान वाटत नाही.

घरी तालीम करणं इथे जमत नाही, भिंती पातळ आणि शेजारी जवळ. रेल्वेच्या कमानींखाली आणि जुन्या गोदामांत तासावर खोल्या मिळतात. खोलीत ड्रमचे पिंप, अँप्लिफायर आणि गाण्याचा माइक असतो. सिंबल, स्नेअर आणि बेस ड्रमचं पेडल आपलं आपण न्यायचं. या वस्तूंना इथे ब्रेकेबल्स म्हणतात, आणि नवखा ड्रमर त्या न आणता येतो तेव्हा पैसे भरलेला पहिला अर्धा तास कुठून तरी त्या भाड्याने मिळवण्यात जातो. हिवाळ्यात फुंकवाद्यं गार असतात, आणि गार वाद्य उतरतं. दहा मिनिटं फुंकून मग सूर लावावा. आधी लावलेला सूर तिसऱ्या गाण्यापर्यंत चढलेला असतो.

आता कागदपत्रं, ज्याबद्दल आपल्या मुलांना कुणी सांगत नाही. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला मनाई आहे आणि कलाकार म्हणून कार्यक्रम करण्यालाही. पबात वाजवून घेतलेले चाळीस पाउंडसुद्धा व्हिसा धोक्यात घालू शकतात. बिनपैशाचा कार्यक्रम असेल तरी विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागाराला आधी लेखी विचारा. शिक्षणानंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर स्वयंरोजगार चालतो. ६ एप्रिल ते ५ एप्रिल या करवर्षात असं उत्पन्न एक हजार पाउंडांवर गेलं, तर पुढच्या ५ ऑक्टोबरच्या आत कर खात्याकडे नोंदणी करावी लागते.

जागेच्या बाजूने गोष्टी सोप्या आहेत. २०१२ च्या लाइव्ह म्युझिक कायद्यानंतर, दारूचा परवाना असलेल्या जागेत सकाळी ८ ते रात्री ११, ५०० श्रोत्यांपर्यंत, संगीतासाठी बहुधा वेगळा परवाना लागत नाही. तुमची स्वतःची गाणी असतील तर रचनाकारांनी पीआरएस या, रचनांचं मानधन गोळा करून वाटणाऱ्या, संस्थेचं सभासद व्हावं आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर वाजवलेल्या गाण्यांची यादी तिथे भरावी. यादी भरली नाही तर मानधन तुमच्यापर्यंत येत नाही.

एक वाद मात्र प्रत्येक मिश्र बँडमध्ये निघतो: सॅक्सवाल्याने ध्रुवपदावर रचलेली ओळ ही रचना की वाजवण्याचा भाग? इंडी मंडळी अनेकदा सगळ्यांना समान वाटा देतात, जॅझवाले चाल रचणाऱ्याला. आमचं मत, ओळ प्रत्येक वेळी तशीच वाजत असेल तर ती रचनेत धरा. दर वेळी बदलत असेल तर नको. टक्के त्याच आठवड्यात लिहून ठेवा.

जॅझवादक एकाच वेळी तीन-चार बँडांत असतो. त्याच्याकडून निष्ठेची शपथ मागू नये, त्याऐवजी बदली वादकाची सोय ठेवावी. त्याला इथे डेप म्हणतात. तो नकाशा आणि ध्वनिमुद्रण आदल्या आठवड्यात मिळालं तर कार्यक्रम निभावून नेतो. मुख्य आवाज गेला तर डेप चालत नाही. २०२२ च्या जानेवारीअखेर, नवा अल्बम येण्याच्या चार दिवस आधी, ब्लॅक कंट्री, न्यू रोडचा गायक बँडमधून बाहेर पडला. उरलेल्या सहा जणांनी जुनी गाणी वाजवायची नाहीत असं ठरवलं, नवी रचली आणि गाण्याचं काम आपसांत वाटून घेतलं.

असं घडलं तर नाव कुणाचं? नफा वाटून घेणारा बँड, काही लिहिलेलं नसलं तरी, १८९० च्या कायद्याने भागीदारी ठरू शकतो. मग व्हॅन भाड्याने घेताना एकाने केलेलं कर्ज सगळ्यांच्या डोक्यावर येतं. २००३ मध्ये सॅक्सन या बँडच्या नावावरच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की नाव भागीदारीचं, सुटून गेलेल्या एकेका सदस्याचं नव्हे. म्हणून एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: सोडून जाणाऱ्याने नाव वापरायचं का, त्याचा गाण्यातला वाटा पुढे चालू राहणार का, एकत्र घेतलेला अँप्लिफायर कुणाकडे राहील, आणि आधी स्वीकारलेले कार्यक्रम तो पुरे करणार का. खाली सगळ्यांच्या सह्या आणि तारीख.