वजन अकरा किलो उतरलं आणि पायातली बेली ढिली पडली

साडी नि हिलची हौस असलेल्या आपल्या पुरुषमंडळींनो, दसरा झाला, सोनं वाटून झालं, आता निवांत लिहायला बसलोय. मागच्या वेळी सांगितलेलं आठवत असेल, नवरात्रात नऊ दिवस नऊ रंगांच्या साड्या, रोज संध्याकाळी घरातल्या घरात एक तास, पायात तीन इंची काळी बेली, म्हणजे बंद नाकाची बायकी हिल. चार माळा झाल्या. पाचव्या माळेला विसाव्या मिनिटाला डाव्या पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी अशी कळ आली की मी साडीसकट खाली फरशीवर बसलो. बायको स्वयंपाकघरातून पळत आली. बेत तिथंच मोडला, उरलेल्या चार साड्या घडीच्या घडीत राहिल्या, आणि मला त्याचं खरंच फार वाईट वाटलं, कारण सहाव्या दिवसाची इरकल मी मुद्दाम राखून ठेवलेली.

आधी आकडे, तुम्ही विचारणारच. फेब्रुवारीत ८९.२, दसऱ्याच्या सकाळी ७८.३. कंबर ३९ वरून ३५ इंच. सुरुवात केली तेव्हा तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ६.१ होती, म्हणजे ५.७ ते ६.४ च्या मधल्या त्या धोक्याच्या पट्ट्यात, परवा ५.६ आली. वजन कमी करायचं मूळ कारण हे आहे, बाईसारखं बारीक दिसायचं म्हणून नाही, हे मी परत एकदा सांगतो कारण आपल्यातली दोन-तीन पोरं हिलसाठी उपाशी राहतात आणि मला त्यांची काळजी वाटते. बालगंधर्व आपल्याच सांगली जिल्ह्यातले, नागठाण्याचे, १८८८ चा जन्म. त्यांचे फोटो काढून बघा, अंगानं चांगले भरलेले. तरी त्यांचं पातळ नेसणं, त्यांचे दागिने, अंबाडा बघून त्या काळच्या बायका तशी फॅशन करायच्या. साडी अंगावर बसते ती चालण्यानं आणि नेसण्यानं, उपाशी राहून नाही.

नवरात्रात वजन दोन दिवस सव्वा किलो वर गेलं होतं त्याचं काही मनाला लावून घेतलं नाही. उपासाला साबुदाणा खिचडी, कोरड्या साबुदाण्यात शंभर ग्रॅमला साधारण साडेतीनशे कॅलरी आणि वर शेंगदाण्याचं कूट, त्यात मीठ, मग शरीर पाणी धरून बसतं. तिसऱ्या दिवसापासून वरी आणि ताक केलं, उतरलं. एरवी माझं तेच चाललंय, दोन्ही वेळेला एक एक ज्वारीची भाकरी, वाटीभर घट्ट डाळ नाहीतर उसळ, दुपारी दही, आणि भडंग फक्त रविवारी, तीही मोजून एक वाटी. सांगलीत राहून भडंग पूर्ण सोडायची म्हणजे अवघड आहे, ते मी करणार नाही.

आता मुख्य दुखणं. माझा आठ महिन्यांचा हिशोब असा होता की वजन उतरेल तसा तळव्याच्या पुढच्या भागावरचा भार कमी होईल आणि हिल सोपी जाईल. टाच वर गेली की भार पुढं सरकतो, हे आपल्या सगळ्यांना माहितीय, मग अकरा किलो कमी म्हणजे पुढच्या भागावर त्या प्रमाणात ओझं कमी, सरळ गणित. पण फेब्रुवारीत ८९ किलोवर मी त्याच बेलीत चाळीस मिनिटं उभा राहायचो आणि आता ७८ वर वीस मिनिटांत कळ. मी या उलट्या गणिताशी झगडत बसलो.

पहिला संशय पोटरीवर. रोज उंच टाच वापरणाऱ्या बायकांच्या पोटरीचे स्नायू आखूड होतात आणि टाचेमागची शीर जाड-कडक होते असं २०१० च्या एका अभ्यासात दिसलेलं, ते मी पहिल्यापासून धरून आहे, म्हणून जिन्याच्या पायरीवर टाचा खाली सोडून ताण द्यायचं एक दिवस चुकवत नाही. तरी अजून वाढवलं, सकाळ-संध्याकाळ केलं. पोटरी मोकळी झाली, कळ तशीच. मग मेडिकलमधून पुढच्या भागाला लावायचे जेलचे पॅड आणले. ते तर अजूनच वाईट निघाले. घामानं पाय पॅडवर सरकायला लागला आणि पॅडच्या जाडीनं पाय वर उचलला गेला त्यामुळं टाच मागून निसटायला लागली. जेलबद्दल माझं मत आता पक्कं झालंय, आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि या ऑक्टोबरच्या उकाड्यात बंद बेलीत जेल घालूच नये, पातळ सुएडचं (लवदार चामड्याचं) अस्तर शंभर पटीनं बरं.

शेवटी हळद-कुंकवाची युक्ती केली. दुखतंय बरोबर त्या जागी ओलं कुंकू लावायचं, बेली घालून दोन मिनिटं उभं राहायचं, पाय काढायचा आणि आत ठसा कुठं उमटला ते बघायचं. टाचेच्या मध्यावर हळदीचा ठिपका. (हळदीच्या पेठेत हिशोब लिहितो मी, हळद घरात कमी नाही, पण आतलं अस्तर कायमचं पिवळं होतं हे लक्षात ठेवा, जुन्या जोडीवरच करा.) तर कुंकवाचा ठसा जिथं बेली वाकते त्या रेषेच्या जवळजवळ एक सेंटीमीटर पुढं! आणि हळदीचा ठिपका टाचेच्या खळग्यात नाहीच, उताराच्या सुरुवातीला. म्हणजे अख्खा पाय खाली घसरून नाकात जाऊन बसलेला. मी नुसता बघत राहिलो. बायको मागून म्हणाली, "अहो, टाच बघा की मागनं, दोन बोटं जातायत आत."

मग वही काढली. फेब्रुवारीत मी सगळी मापं लिहिलेली त्यात पायाच्या रुंद भागाचा घेर २६ सेंटीमीटर. आता टेप लावली तर २५.१. वजन उतरताना पोट, मान, मनगट, अंगठी सगळं सैल होतं हे मी बघत होतो पण पाऊल पण उतरतं हे डोक्यातच आलं नाही. लांबी तीच, नऊ नंबर तो नऊच, पण मांस आणि पाणी कमी झालं. सपाट चपलेत एवढ्या फरकानं काही होत नाही. हिल म्हणजे घसरगुंडी, त्यावर पाय धरून ठेवतं कोण, तर वरचं चामडं आणि मागचा काठ. ते दोन्ही ढिले झाले की पाय उतारानं पुढं जातो, बोटं नाकात दुमडतात, कमानीखाली जो आधार आहे तो कमानीखाली न येता मागं राहतो आणि मग राहिलेलं सगळं वजन त्या दुसऱ्या बोटाच्या मुळावर. ७८ किलो कमी असेल ८९ पेक्षा, पण ८९ पूर्ण तळव्यावर वाटलेलं होतं आणि ७८ एका ठिपक्यावर.

हे कळल्यावर त्या रात्री मला इतकं हलकं वाटलं ना! कारण मी मनात धरून बसलेलो की पायच खराब झाला, हिल सोडावी लागणार.

दुरुस्ती काय केली ते सांगतो. मागच्या काठाला आतून सुएडची पट्टी, फोमची नको, फोम चार दिवसांत चपटा होतो. वरच्या चामड्याच्या आतून, बोटांच्या वर जिथं पाय आत जातो तिथं, दोन मिलीमीटर नमद्याचा (दाबलेल्या लोकरीचा) तुकडा, यानं पाय मागं दाबून धरला जातो. आणि तळव्याला छोटा फुगीर पॅड, पण तो दुखऱ्या जागेखाली नाही, त्याच्या मागं, बोटभर अलीकडं. हे सगळ्यात जास्त चुकतं. दुखतंय तिथं गादी घालावी असंच कुणालाही वाटतं, मलापण वाटलं, पण मागं आधार दिला की पुढची हाडं थोडी उचलून पसरतात आणि त्या ठिपक्याचा भार सुटतो. मिरजेतल्या हाडांच्या डॉक्टरांनी पाय दाबून बघितला, सूज नाही म्हणाले, पॅडची जागा त्यांनीच पेनानं आखून दिली आणि मी काय घालतो ते स्पष्ट सांगितलं तरी एक प्रश्न जास्तीचा विचारला नाही. शेवटचं काम म्हणजे घोट्याला पट्टा. बस स्टँडकडच्या चप्पल शिवणाऱ्या काकांनी इलॅस्टिक आतून घेऊन असा सुबक शिवलाय की पहिल्यापासूनचाच वाटतो. ८० रुपये घेतले. ज्यांच्याकडून ही बेली मागवली त्या ऑनलाइनवाल्यांना पट्ट्याची जोडी विचारली तर नऊ नंबरात पट्टा येत नाही म्हणे. सांगलीच्या बाजारात, हरभट रोडवर तर बायकांच्या चपला आठच्या पुढं बघायलाच मिळत नाहीत, तो जुना विषय आहे, परत काढत नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी परत चढवली. पन्नास मिनिटं! राखलेली इरकल नेसून, आणि हो, बेली आधी पायात घालून मग साडी नेसलो, नाहीतर काठ घोट्याच्या वर जातो. या इरकलीच्या माझ्या सहा निऱ्या यायच्या. यावेळी सात आल्या. मी परत मोजल्या, सातच. कंबर चार इंच आणि नितंब तीन इंच उतरलेत, साडी अंगाभोवती दीड-दोन वेढे घेते, म्हणजे एका निरीचं कापड सुटलं. बायको पिन लावता लावता म्हणाली, "आता पदर पण लांब सोडता येईल." तो मी गुडघ्यापर्यंत सोडला. आरशासमोर खूप वेळ उभा होतो.

ब्लाऊजचं थोडक्यात. शिवणाऱ्या मावशींनी बाजूच्या शिवणी आत घेतल्या, पुढचे टक्स उसवून परत घातले. खांदा १७ इंच तो १७च राहणार, हाडाला डाएट नाही, त्यामुळं पुढचे ब्लाऊज प्रिन्सेस कट आणि कोपरापर्यंत बाही, खांद्याची रेघ जरा आत. फिशकट परकर ज्याची चेन मार्चमध्ये अर्ध्यावर अडकलेली ती पूर्ण वर गेली.

पण बेलीचं अजून एक आहे. पट्टा घट्ट केल्यापासून कमानीखालून कर्र कर्र आवाज येतोय. आतली लोखंडी पट्टी सैल झाली असणार, ८९ किलोवर होतो तेव्हापासून आठ महिने वापरली ती. पट्टी तुटली तर टाच मागं मुडपते आणि घोटा जातो, म्हणून ती जोडी मी आता फक्त उभं राहायला वापरणार, चालायला नाही. नवीन घ्यायला पाहिजे. म्हणून ब्लॉक हिल, टी-पट्टा, अडीच इंच अशी ऑर्डर द्यायची असं ठरवून मी हे लिहायला घेतलं.

आणि वरचा घसरगुंडीचा परिच्छेद लिहिताना डोक्यात आलं, की पुढं घसरणारा पाय अडवायला जगातली सगळ्यात साधी सोय आपल्याकडं आहेच की, कोल्हापुरीचा अंगठा! अंगठा त्या कडीत अडकला की पाय पुढं जाऊच शकत नाही, बोटं दुमडायला नाकच नाही, आणि दोन्ही बाजूचे कान, म्हणजे चामड्याच्या पाकळ्या, पट्ट्याला धरून ठेवतात. टाच मुळात निघाली तीसुद्धा पाय जागेवर राहावा म्हणूनच, इराणी घोडेस्वारांचा पाय रिकिबीत अडकून राहावा म्हणून, मग १७ व्या शतकात युरोपातले पुरुष घालायला लागले, फ्रान्सचा चौदावा लुई तर लाल टाचा घालायचा. आणि २०१९ ला कोल्हापुरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला त्यात कोल्हापूर, सोलापूर, साताऱ्याबरोबर आपला सांगली जिल्हापण आहे. मग मी आग्रा-दिल्लीच्या जोड्या कशाला मागवत बसलोय?

लिहिणं अर्धवट ठेवून ओळखीच्या एका कारागिरांना फोन लावला. बायकांची डिझाइन, लाल गोंडा, बारीक वेणी, नऊ नंबर, माझ्या स्वतःसाठी, असं सरळ सांगितलं. ते म्हणाले, "व्हतंय की पावनं, टाच किती ठेवायची तेवढं बोला." दोन इंच म्हणालो. त्यांचं म्हणणं की नुसत्या चामड्याच्या थरांवर दोन इंच उचललं तर मधली कमान खाली बसंल, आत पट्टी घालायला लागंल, नाहीतर वेजसारखी सलग टाच करू. माझ्या वजनाला सलगच बरी वाटते, जमिनीवर टेकायला जागा जास्त. आणि नऊ नंबरच्या पायाला दोन इंच म्हणजे पाच नंबरच्या पायापेक्षा उतार तसापण कमी. कान किती रुंद घ्यायचे हे मात्र ठरेना, रुंद कान पाय चांगला धरतात पण बायकी नाजूकपणा जातो. कुणी हिलची कोल्हापुरी वापरली असेल तर कानाचं माप कळवा, प्लीज.

यानं वजनाचा बेतपण बदलला. ७४ पर्यंत न थांबता जायचं होतं, आता डिसेंबर अखेरपर्यंत ७८ वर स्थिर राहणार, संध्याकाळची अर्धी भाकरी वाढवणार. पाऊल अजून उतरत राहिलं तर नव्या जोडीचंपण हेच होणार, आणि हातानं शिवलेली जोडी मला फुकट घालवायची नाही. दर रविवारी पायाचा घेर वहीत लिहितोय. २५.१ चा आकडा तीन रविवार हलला नाही तर माप देणार.

माप संध्याकाळीच द्यायचं, दिवसभर खुर्चीवर बसून पाय थोडा फुगतो तेव्हाचं. कागदावर दोन्ही पाय उभं राहून आखायचे, बसून नाही, असं कारागिरांनी बजावलंय. बायकोनं जुन्या कॅलेंडरचं मागचं कोरं पान काढून ठेवलंय, पेन्सिल सरळ धरायला ती बसणार आहे.