अकरा दिवसांचा कागद

नाशिकच्या अंबडला आमची छोटी कॅलिब्रेशनची लॅब आहे. प्रेशर गेज, व्हर्निअर, मायक्रोमीटर, टॉर्क रेंच अशी कारखान्यांतली साधनं येतात, आमच्या मास्टरशी, म्हणजे प्रमाण मानलेल्या साधनाशी, ताडून पाहिली जातात आणि स्टिकर लावून परत जातात. स्टिकरवर दोन तारखा असतात. तपासलं कधी, आणि पुन्हा ड्यू कधी. गेली सतरा वर्षं माझं पोट या दुसऱ्या तारखेवर चालतं. ऑडिटर आला की आधी तीच बघतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढच्या प्रकरणात मी काही अगदी तटस्थ माणूस नाही.

गेल्या पावसाळ्यात आमचे एक जुने गिऱ्हाईक आले. दोन शेड आहेत त्यांच्या, वर्षाला शे-दीडशे साधनं आमच्याकडे असतात. इथे त्यांना नुसतं शेठ म्हणतो. एरवी पेटीत गेज घेऊन माणूस पाठवतात. त्या दिवशी स्वतः आले आणि हातात प्लास्टिकची फाइल होती.

"सर, आज जरा वेगळं काम आहे. पण तुमच्या लाइनीतलंच."

फाइलमध्ये तीन कागद. ई-चलानची प्रिंट, दंड भरल्याची पावती आणि माहितीच्या अधिकारात आलेलं उत्तर. मुंबईहून परतताना वाडीवऱ्हे सोडल्यावर स्पीडगनने गाडी टिपली होती. वेग ११८. दंड दोन हजार, तो त्याच आठवड्यात मोबाइलवरून भरलाही होता. नंतर कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं, की या यंत्रांना दरवर्षी नवं प्रमाणपत्र लागतं. लागतंच. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७ए हा नियम आला, त्यात कॅमेरा असो की स्पीडगन, मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नवं करून घ्यायचं, असं आहे. शेठनी दहा रुपये भरून अर्ज टाकला. उत्तर आलं. गनच्या प्रमाणपत्राची मुदत चलानच्या अकरा दिवस आधी संपलेली.

"अकरा दिवस!" त्या तारखेवर त्यांनी बोट आपटलं. "तुम्हीच सांगता ना, ड्यू डेट गेली की रीडिंग बाद?"

सांगतो. शंभरदा सांगितलंय, त्यांच्याच शॉपफ्लोअरवर उभा राहून.

त्यांना आमच्या लेटरहेडवर पत्र हवं होतं. मुदत संपलेल्या यंत्राचं रीडिंग चुकीचं असतं, सबब ११८ हा वेग खोटा. वकिलाने सांगितलं होतं, की भरलेला दंड म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली झालेली तडजोड, तो परत निघणं कठीण. पण तांत्रिक माणसाचं पत्र जोडलं तर वजन येईल.

मी आधी सोपी पळवाट धरली. स्पीडगन आमच्या स्कोपमध्ये नाही. आमच्या नावापुढे दाब, लांबी, टॉर्क आहे, वेग नाही.

"मी सर्टिफिकेट कुठे मागतोय? नुसतं मत द्या."

मत मागितलं की पळवाट बंद. मग जे आहे ते सांगायला बसलो.

मुदत उलटलेलं गेज आमच्याकडे आलं, की पहिलं काम म्हणजे त्याला हात न लावणं. काटा शून्यावर नसला तरी आणायचा नाही. आहे तसं मास्टरवर चढवायचं आणि जे येईल ते लिहायचं. या रकान्याला आम्ही ॲज फाउंड म्हणतो. दुरुस्ती नंतर. मधल्या दिवसांत त्या गेजवर जो माल पास झाला तो खरा की खोटा, हे या एका रकान्यात कळतं. टॉलरन्समध्ये, म्हणजे चालण्याजोग्या फरकाच्या आत, सापडलं तर माल ठीक, ऑडिटर कागदाबद्दल शेरा मारतो तेवढाच. बाहेर सापडलं तर गेलेला माल परत मागवा. मुदत संपली म्हणजे साधनाची हमी देणारा कुणी उरला नाही. साधन चुकलं, असं त्यातून निघत नाही. सतरा वर्षांत मुदत उलटून आलेली बहुतेक गेज मला बरोबरच सापडलीत. हे गिऱ्हाइकांना मी फार जोरात सांगत नाही, तो भाग वेगळा.

"मग त्या गनच्या पुढच्या तपासणीतलं ॲज फाउंड मागवा," मी म्हणालो. "फरक निघाला तर मी स्वतः तुमच्याबरोबर येतो."

"ते कशाला?"

हे फार पटकन आलं.

मी गनबद्दल जेवढं जाणतो तेवढं सांगितलं. लेझर गन क्षणात शेकडो ठोके सोडते, ते गाडीवर आपटून परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढते आणि अंतर किती भराभर घटतंय त्यावरून वेग. नुसतं आतलं घड्याळ बिघडून शंभरचे एकशे अठरा व्हायचे असतील, तर ते घड्याळ दिवसाकाठी काही तास चुकायला हवं. कोनाची चूक होते, पण ती गाडीवाल्याच्या फायद्याची. गन कडेला, दहा अंश तिरकी धरली असेल तर १२० ची गाडी ११८ दिसते. खरी भीती नेमाची. दुर्बिणीतली खूण एकीकडे आणि किरण दुसरीकडे पडत असेल, तर शेजारच्या गाडीचा वेग तुमच्या नावावर लागतो. भांडायचं तर या मुद्द्यावर भांडा, म्हटलं. मग आम्ही दोघांनी चलानवरचा फोटो पाहिला. पावसाने चकचकीत झालेला रिकामा रस्ता आणि मधोमध त्यांची एकटी पांढरी गाडी. चारपदरी रस्त्यावर कारला जास्तीत जास्त १०० ही मर्यादा केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत आहे, राज्याने ती आणखी खाली आणली तर गोष्टच वेगळी. तेव्हा मर्यादेचाही काही वाद नव्हता.

मला एक जुनी गोष्ट आठवली. चार वर्षांपूर्वी आमचाच मास्टर, डेड वेट टेस्टर, म्हणजे वजनं ठेवून दाब तपासायचं यंत्र, तपासणीसाठी वरच्या लॅबकडे जायला उशीर झाला. ड्यू डेट उलटून नऊ दिवस झाले आणि तेवढ्यात आमच्या पोराने काही गेज तपासून देऊन टाकली. त्यातली सहा शेठची. मी शरमेने फोन केला होता, गेज परत पाठवा, फुकट पुन्हा तपासतो. तेव्हा हेच शेठ हसत म्हणाले होते, "अहो सर, नऊ दिवसांत लोखंड काय पातळ होतं का?"

आठवण करून दिली.

"ते वेगळं," ते म्हणाले. "तेव्हा समोर तुम्ही होतात. हे सरकार आहे."

यात तथ्य नाही असं म्हणणार नाही. पंचवटीत नदीकाठी बसणाऱ्या भाजीवाल्याच्या काट्यावर वैधमापनाचा शिक्का नसेल, तर काटा बरोबर असूनही त्याला दंड होतो. मग दंड करणाऱ्याच्या यंत्राला सूट का? शेठ पैसे न भरता कोर्टात उभे राहिले असते आणि म्हणाले असते, की तुमच्या यंत्राची हमी त्या दिवशी कुणाकडे नव्हती, सिद्ध करा, तर मी पत्र आनंदाने दिलं असतं. पण 'तुम्ही सिद्ध करू शकत नाही' आणि 'मी जोरात चालवलीच नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. त्यांना माझ्या सहीने दुसरं हवं होतं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते बाहेर पत्र्याखाली गेले. ड्रायव्हर चहाला म्हणून आत आला होता. पन्नाशीचा माणूस, ओल्या चपला दाराशी काढून टेस्टरवरच्या वजनांकडे बघत उभा.

"साहेब, ते चलानचं चाललंय ना?"

"हो दादा. गाडीवर तुम्हीच होता?"

"मीच. काटा एकशे वीसच्या पुढे होता. शेठ म्हणाले, मुंबई नाक्याला पार्टी येऊन बसलीय, दाब." मग जरा थांबून, "दोन हजार माझ्याच पगारातनं गेले. दोन महिन्यांत कापले."

गाडीचा काटा खऱ्यापेक्षा थोडा पुढेच दाखवतो, म्हणजे हिशेब जुळला, असं माझ्या डोक्यात आधी आलं. धंद्याची खोड. पगाराचं नंतर शिरलं. फाइलमधली ती पावती, तिच्यावर नाव एकाचं आणि पैसे दुसऱ्याचे.

शेठ आत आल्यावर मी विचारलं, पैसे परत मिळाले तर यांचे यांना देणार ना?

"अहो, आधी येऊ तर द्या. मग बघू." ड्रायव्हर कप घेऊन बाहेर गेला.

पत्र मी तिथेच टाइप केलं. तीन वाक्यं. सादर केलेल्या कागदानुसार चलानच्या दिवशी यंत्राच्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली होती. एवढ्यावरून रीडिंग चुकीचं होतं असा निष्कर्ष काढता येत नाही. पुढच्या तपासणीतलं समायोजनापूर्वीचं रीडिंग पाहावं.

"पहिलं झकास. खालची दोन काढा."

दीडशे साधनं म्हणजे माझ्या वर्षाचे जवळजवळ दोन महिने. ते डोळ्यांपुढे आले, खोटं कशाला बोला. मी म्हणालो, आमच्या क्वालिटी मॅनेजरला असं अर्धवट पत्र चालत नाही. क्वालिटी मॅनेजर मीच आहे. शेठनाही ते ठाऊक होतं. त्यांनी पत्राची चार घडी करून फाइलमध्ये नाही, खिशात ठेवलं.

दीड महिन्याने पेटी आली. शेठची साधनं तुटली नव्हती, थोडी कमी झाली होती इतकंच. पेटी तोच ड्रायव्हर घेऊन आला.

"दंडाचं पुढे काही झालं का, दादा?"

"नाही. शेठ म्हणाले, तुमच्या पत्राने अडलं." तो माझ्याकडे बघत नव्हता. "नाहीतर माझे पैसे सुटले असते म्हणाले."

मी काही बोलायच्या आत त्याने डिलिव्हरीचं चलान पुढे केलं. चौदा गेज लिहिली होती. मी पेटी उघडून मोजली आणि सही केली.